वस्तीची गाडी

रत्नागिरीच्या माणसाचा परदेशप्रवास विमानतळावर सुरू होत नाही. तो घरच्या ओटीवर सुरू होतो, भरलेली बॅग काट्याला लटकवून बघताना. काटा तेवीस किलोच्या पुढे सरकला की कुळथाच्या पिठाची पिशवी बाहेर येते, मग मेतकूट बाहेर येतं, आणि थोड्या वेळानं पीठ पुन्हा आत जातं, कारण मुलीनं नेमकं तेच मागितलेलं असतं. शेजारणीनं प्रेमानं दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र परत कराव्या लागतात. खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. हापूसचं तर नावच काढायचं नाही. आपला आंबा २००७ पासून अमेरिकेत जातो खरा, पण विकिरण होऊन, पेटीतून, कागदपत्रांसकट. बाईच्या पिशवीतून गेलेला आंबा तिथल्या तपासणीत जप्त होतो. मग उरतात आंबापोळी, फणसपोळी आणि आमसुलं. ती जातात. निदान आजवर गेली.

नंतर मुंबई गाठायची. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आहे, पण बराचसा मार्ग अजून एकेरीच. त्यामुळे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपवून गाडी जरा उजेडात येते न येते, तोच उक्षीला किंवा कडवईला उभी राहते. समोरून कोणीतरी यायचं असतं. डब्यातलं कोणी विचारत नाही काय झालं म्हणून. एखादा म्हातारा डोळे न उघडता म्हणतो, "क्रॉसिंग." फलाटावर कुत्रं आळस देतं, पलीकडच्या डोंगरातून पाणी उतरत असतं, आणि ज्या गाडीसाठी आपण थांबलो ती एकदाची धडधडत निघून जाते. मग ठाण्याला किंवा डोंबिवलीला एका नातेवाइकाच्या घरी दिवसभर बसायचं. विमान मध्यरात्रीनंतरचं असतं, म्हणजे तारीख उद्याची आणि निघायचं आज. या एका गोष्टीवरून प्रत्येक घरात वाद होतो आणि प्रत्येक घरात कोणीतरी तिकीट तिसऱ्यांदा वाचतं.

एवढं थांबून झाल्यावर खरं थांबणं अजून पुढेच असतं.

मी शिकागोला मुलीच्या बाळंतपणाला निघाले होते. तिनं फोनवर सांगितलं होतं, "आई, दोह्याला जरा थांबावं लागेल." तिच्या त्या 'जरा'त एक अख्खी रात्र होती. सरळ जाणारं विमान महाग, आणि मधे थांबायची तयारी असलेल्याला तिकीट स्वस्त, असा हा साधा व्यवहार. पण नुसतं तेवढंच नाही. दोहा, दुबई, अबुधाबी ही विमानांची जंक्शनं आहेत. कोची, ढाका, काठमांडू अशा एकेका गावातून रोज शिकागोला जायला विमानभर माणसं मिळत नाहीत. पण सगळीकडची माणसं एका जागी आणून उतरवली आणि तिथून पुन्हा वाटली, तर येणारंही विमान भरतं आणि जाणारंही. म्हणून तिथे विमानं लाटांनी येतात. तासा-दोन तासांत पूर्वेकडची सगळी उतरतात आणि थोड्या वेळानं पश्चिमेकडची सगळी उडतात. ज्याचा मेळ बसला तो धावत सुटतो. ज्याचा बसला नाही तो पुढच्या लाटेची वाट बघत बसतो. हातखंब्याच्या तिठ्यावर पिशवी पायांत धरून उभ्या राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. आठवड्यातल्या काही रात्री त्यांची ड्युटी वस्तीच्या गाडीवर लागायची. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. संध्याकाळची शेवटची गाडी स्टँडवरून सुटायची, गावोगाव माणसं उतरवत रात्री टोकाच्या गावी पोचायची आणि तिथेच मुक्काम करायची. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे. कुठे शाळेच्या पडवीत, कुठे देवळाच्या सभामंडपात, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर, आणि पावसात गाडीतच, मागच्या लांब सीटवर. पहाटे तीच गाडी शाळेची पोरं, दवाखान्याचे पेशंट, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं आणि माशांच्या टोपल्या घेऊन परत शहराकडे फिरायची. गावातली घड्याळं त्या गाडीवर लागत.

अण्णांचं वस्तीचं सामान ठरलेलं होतं. एक वळकटी, पितळी तांब्या, दोन पुडांचा डबा, एक पंचा, आणि पत्र्याची पेटी. तिच्यात टिकिटांचा ट्रे, पंच आणि वे-बिलं. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांनी मला जयगडच्या वस्तीला बरोबर नेलं होतं. रात्री गाडी थांबली तेव्हा इंजिन बंद झाल्यावर जी शांतता आली, ती माझ्या कानांनी तोवर कधी ऐकली नव्हती. मग हळूहळू त्या शांततेतून एकेक आवाज वर आला. तापलेलं बॉनेट थंड होताना टकटक वाजत होतं. खाडीचं पाणी कुठंतरी दगडांवर आपटत होतं. दूर कोणाच्या तरी परसात रहाट कुरकुरला. आम्ही टपावर चढलो. दीपगृहाचा झोत आभाळावरून फिरत होता आणि तो आमच्या अंगावरून गेला की मला वाटे, कोणीतरी आपल्याला मोजतं आहे.

अण्णा मात्र आभाळाकडे बघत नव्हते. त्यांचा एक क्रम होता आणि तो ते कधी मोडत नसत. उतरल्यावर आधी सकाळी गाडी कुठे लावायची आणि कुठल्या तोंडानं काढायची ते बघून यायचं. मग तांब्याभर पाण्यानं पाय धुवायचे. मग कंदिलाच्या उजेडात वे-बिल पुरं करून पैसे मोजायचे. हिशेब राहिला तर झोप लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. डबा अर्धाच खायचा, अर्धा सकाळसाठी ठेवायचा. आणि मग पाठ टेकायची. "डोळा लागला नाही तरी चालेल," ते म्हणायचे, "पाठ टेकली पाहिजे." एवढं सांगून ते स्वतः क्षणात घोरायला लागायचे. मी त्यांना विचारलं होतं, परक्या गावात, उघड्यावर, तुम्हाला झोप येते कशी? ते म्हणाले, "सुटायची वेळ माहीत असली की माणूस कुठंही झोपतो."

पुढे मला एक मजेशीर गोष्ट कळली. पहिली एसटी १ जून १९४८ ला सुटली, पुणे-अहमदनगर मार्गावर. आणि एअर इंडियाचं परदेशी जाणारं पहिलं विमान, 'मलबार प्रिन्सेस', सुटलं ८ जून १९४८ ला, मुंबईहून लंडनला. मधे एक आठवडा. ते विमानही सरळ गेलं नव्हतं; कैरो आणि जिनिव्हाला उतरत उतरत गेलं. त्या काळच्या विमानांना एका दमात तेवढा पल्ला जमत नसे. पुढे टाक्या मोठ्या झाल्या, इंजिनं ताकदीची झाली. आज विमान एका उड्डाणात निम्मी पृथ्वी ओलांडतं. तरी आपण मधे थांबतोच. पूर्वी तेलासाठी थांबत होतो, आता तिकिटाच्या दरासाठी.

दोह्याला उतरले तेव्हा आपल्याकडे पहाट होत आली होती आणि तिथे मध्यरात्र नुकती उलटून गेली होती. ते गाव आपल्यापेक्षा अडीच तास मागे. फोननं आपण होऊन वेळ बदलून घेतली. हातातलं घड्याळ मी बदललं नाही. रक्तदाबाची गोळी त्या घड्याळावर चालते. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं की वाटेत गोळ्या रत्नागिरीच्या वेळेनं घ्यायच्या आणि पोचल्यावर हळूहळू तिकडच्या वेळेवर न्यायच्या. ज्यांच्या गोळ्या जास्त आहेत, इन्सुलिन आहे, त्यांनी हे विचारल्याशिवाय घर सोडू नये. आणि औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. पोटातल्या सामानात गेलेली गोळी समुद्रापलीकडेच भेटते.

मग मी अण्णांचा क्रम सुरू केला. आधी गाडी कुठून सुटणार ते बघून आले. फलकावर शिकागोचं गेट अजून लागलं नव्हतं, पण फलक कुठे आहे, त्या बाजूला जायला किती चालावं लागतं, मधे आगगाडी लागते का (लागते, इमारतीच्या आतल्या आत, डोक्यावरून जाणारी) हे पाहून ठेवलं. हा रपेटीचा अर्धा तास वाया जात नाही. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानं २००७ मध्ये सांगितलं. पुढचं विमान पंधराएक तासांचं. चालून घ्यायचं ते इथेच. मग पंचा ओला करून पाय पुसले. लोक बघतात, बघू देत. मग पासपोर्ट, दोन्ही बोर्डिंग पास, सामानाची पावती हे सगळं बाहेर काढून मोजून पुन्हा ठेवलं. माझं वे-बिल पुरं झालं.

सामानाच्या पावतीवर शेवटची अक्षरं कोणती आहेत ते मुंबईतच वाचून घ्यावं. माझ्या पावतीवर 'ओआरडी' होतं. शिकागोच्या नावाशी ही अक्षरं धड जुळत नाहीत, म्हणून मी काउंटरवरच्या मुलीला दोनदा विचारलं. नंतर कळलं, त्या विमानतळाचं जुनं नाव ऑर्चर्ड फील्ड, म्हणजे फळबागेचं माळरान. नाव बदललं, अक्षरं तशीच राहिली.

आणि गंमत म्हणजे दोह्याच्या विमानतळातही एक ऑर्चर्ड आहे. २०२२ मध्ये त्यांनी इमारतीच्या पोटात, काचेच्या छपराखाली, खरीखुरी झाडं लावली. मी तिथे बराच वेळ बसले. पाणी वाहतं, हवा गार, उंच झाडांच्या फांद्या छपराला लागू पाहतात. सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण सगळीकडे नजर टाकूनही खाली पडलेलं एक पान मला दिसलं नाही. झाडाखाली केर नाही, ही गोष्ट कोकणातल्या बाईला पटायला अवघड जाते. आमच्याकडे फणसाखालचं अंगण सकाळी झाडलं तर दुपारी पुन्हा झाडावं लागतं, आणि झाड आपल्याशी बोलतंय याची तेवढीच एक खूण असते.

त्या विमानतळावर एक पिवळं अस्वल आहे. सात मीटर उंचीचं, ब्राँझचं, पाठीतून टेबलावरचा दिवा उगवलेला. उर्स फिशर नावाच्या स्विस कलाकारानं ते केलं. अस्वलाच्या पाठीत दिवा का, हे मला कळलं नाही आणि कळून घ्यावंसं वाटलंही नाही, पण त्याचा उपयोग ताबडतोब कळला. सगळी चुकलेली माणसं तिथे भेटतात. नवरा पाणी आणायला गेला, सासू स्वच्छतागृहात गेली, पोरगं खेळण्यांच्या दुकानात शिरलं, की शेवटी सगळे अस्वलापाशी. आमच्या स्टँडवर हे काम चौकशीची खिडकी करायची. एवढाच फरक, की खिडकीतला माणूस खेकसायचा.

खेकसला तरी तो बोलायचा. विमानतळावरची मला सगळ्यात परकी वाटलेली गोष्ट म्हणजे मुकेपण. जगातल्या अनेक मोठ्या विमानतळांवर आता गाड्यांची घोषणा होत नाही; मुंबईतही नाही. फलक बघायचा, आपलं आपण समजायचं. स्टँडवर वाढलेल्या माझ्या कानांना भोंग्याची सवय. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की अर्ध्या झोपेतसुद्धा मान वर व्हायची, आणि 'राजापूर' ऐकू आलं नाही की पुन्हा खाली. कान राखण करत होता म्हणून डोळ्याला मिटता यायचं. इथे कानाला काही काम नाही. डोळ्यालाच जागं राहावं लागतं. म्हणून मी फोनवर दोन गजर लावले, एक उठायचा आणि एक चालू लागायचा, आणि बायकांसाठी वेगळी ठेवलेली शांत खोली शोधून काढली. अशा खोल्या काही विमानतळांवर असतात. कलत्या खुर्च्या असतात, दिवे मंद असतात, पैसे पडत नाहीत. पुष्कळांना त्या ठाऊकच नसतात. ते महागड्या कॉफीच्या कपापुढे मान टाकून बसतात.

तिथे मी डबा उघडला. थालीपीठ, लसणाची कोरडी चटणी, गूळपोळी. चटणी कोरडीच हवी. २००६ मध्ये लंडनला विमानं उडवून देण्याचा कट उघडकीस आला, तेव्हापासून बहुतेक विमानतळांवर शंभर मिलीलीटरवरचं पातळ काहीही हातातल्या सामानात चालत नाही, आणि वाटेतल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते. दह्याचा डबा, आमरसाची बाटली, लोणच्याचा खार, सगळं तिथे काढून ठेवावं लागतं. मी डबा अर्धा खाल्ला. उरलेला विमानात संपवायचा, कारण अमेरिकेत उतरताना खाण्याचं जे असेल ते सांगावं लागतं, आणि थालीपिठाचं इंग्रजीत वर्णन करण्याइतकी शक्ती पंधरा तासांनंतर कोणाकडे उरते?

शेजारच्या खुर्चीवर बुरख्यातल्या एक वयस्क बाई होत्या. चटणीचा वास त्यांच्यापर्यंत गेला असणार. माझ्याकडे जरा वेळ बघून त्यांनी विचारलं, "रत्नांग्रीची का तुमी?"

साखरतरच्या होत्या. म्हणजे माझ्या घरापासून रिक्षानं जायच्या अंतरावरच्या. लेक केपटाऊनला दिलेली, तिच्याकडे निघाल्या होत्या. यजमान बाहेर अस्वलापाशी कोणाशी तरी गप्पा मारत बसले होते. केपटाऊन ऐकून मला नवल वाटलं तसं त्यांना माझ्या नवलाचं नवल वाटलं. कोकणी मुसलमानांची तिथे शंभरावर वर्षांची वस्ती आहे; रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांचे पाहुणे तिकडे असतात. त्यांचे सासरे मात्र आखातातले. ते 'द्वारका' बोटीनं जात. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट मुंबईहून कराची करत आखाताची बंदरं घ्यायची आणि १९८२ पर्यंत चालली. डेकचं तिकीट काढायचं, वळकटी पसरायची, आपापलं भाकरी-सुकट सोडायचं, बंदरा-बंदराला थांबत जायचं. "ते सांगायचे," बाई म्हणाल्या, "की बोटीत चार दिवस काय करायचं ठाऊक नसतं, म्हणून लोक एकमेकांचे सोयरे व्हायचे. दोन लग्नं जमली आमच्याकडे बोटीत." आम्ही हसलो. त्यांनी खजूर काढले, मी आंबापोळीचा एक थर सोडवून दिला. लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या त्याही.

आमच्या किनाऱ्याला बोटीची वाट बघण्याची जुनी सवय. मुंबईहून निघालेली आगबोट जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत जायची. धक्का बोटीला पुरत नसे, म्हणून बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्यात बोटी बंद. म्हणजे जूनपासून तीन-चार महिने माणूस जिथे असेल तिथेच. आजी सांगायची, माणसं रात्रीपासून बंदरावर येऊन बसत, तिथेच चुली पेटत, आणि दूर समुद्रात दिवा दिसला की कोणीतरी ओरडे, "आली!" ती कधी आपली बोट असे, कधी दुसरीच.

आणि इंग्रजांना कोणाला थांबवून ठेवायचं झालं की रत्नागिरी आठवायची. सावरकरांना १९२४ मध्ये इथे आणलं आणि १९३७ पर्यंत परवानगीशिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडू दिली नाही. त्यांच्याआधी ब्रह्मदेशाचा राजा थिबा. १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेचं राज्य गेलं, आधी मद्रासला नेलं, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीनं इथे उतरवलं. वय सत्तावीस. इंग्रजांच्या दृष्टीनं ही तात्पुरती सोय होती की कायमची, हे त्याला कोणी स्पष्ट सांगितलं असेल असं वाटत नाही. भाड्याच्या बंगल्यांत वर्षं गेली. थिबा पॅलेस बांधून झाला १९१० मध्ये. तेव्हा राजा पन्नाशी ओलांडून गेलेला. सहा वर्षांनी, १९१६ च्या डिसेंबरात, तो गेला. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला येऊन गेले.

थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. संध्याकाळी तिथे भेळ खाणाऱ्यांची गर्दी असते. मी त्या कठड्याशी पुष्कळदा उभी राहिले आहे आणि दर वेळी अण्णांचं वाक्य आठवलं आहे, की सुटायची वेळ माहीत असली की माणूस कुठंही झोपतो. राजवाड्याला रंगीत काचा होत्या, नोकरचाकर होते, पेन्शन होतं. सुटायची वेळ नव्हती. पॅरिसच्या विमानतळावर मेहरान करीमी नासेरी नावाचा एक इराणी माणूस १९८८ पासून २००६ पर्यंत एका लाल बाकावर राहिला. त्याच्याकडे धड कागदपत्रं नव्हती, मग त्याला कुठलं गेट लागणार? त्याच्यावरून सिनेमे निघाले. २०२२ मध्ये तो पुन्हा त्याच विमानतळावर येऊन राहिला आणि तिथेच वारला. आम्ही रात्रभर थांबणारे आणि हे थांबणारे, यांच्यात अंतर तासांचं नाही. आमच्या हातात पुढचा पास असतो, त्यावर वेळ छापलेली असते.

ही छापलेली वेळ गेली की काय होतं ते मला परतीच्या वाटेवर कळलं. कुठल्या विमानतळावर, कुठल्या कंपनीचं, ते राहू दे. विमान लांबलं. फलकावरची वेळ अर्ध्या तासानं पुढे गेली, मग पुन्हा अर्ध्या तासानं, मग वेळच दिसेनाशी झाली. काउंटरवरची माणसं एकेक करून उठून गेली. तिथे खुर्च्या मऊ होत्या, उजेड मंद होता, अंगावर शाल होती, आणि तरी डोळा मिटेना. लोक एकमेकांवर चिडायला लागले. मला अण्णा दिसत होते, घाटात बंद पडलेल्या गाडीच्या दारात उभे, सगळ्यांच्या शिव्या खात, दर थोड्या वेळानं सांगत, "मेकॅनिक निघालाय, दीड तास धरा." दीड तासाचे तीन तास व्हायचे, तो भाग निराळा. पण दारात माणूस उभा असायचा. एवढ्या मोठ्या विमान कंपन्यांना हे का जमू नये, मला समजत नाही. उशीर माफ करता येतो. रिकामा काउंटर माफ करता येत नाही.

आता एक कडू बोलते. मुंबईला विमानाच्या दाराशी चाकाच्या खुर्च्यांची रांग लागते. तिच्यात खरोखर चालता न येणारी माणसं असतात, आणि चांगली धडधाकट माणसंही असतात, ज्यांची व्हीलचेअर मुलांनी तिकिटाबरोबर मागवून ठेवलेली असते. आई चुकेल, बाबांना इंग्रजी जमणार नाही, कोणीतरी हात धरून गेटपर्यंत नेईल, हा त्यामागचा विचार. मुलांची माया कळते. पण खुर्च्या मोजक्या, ढकलणारे हात मोजके. मी एकदा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठी टेकत आलेले एक आजोबा खुर्चीसाठी ताटकळताना पाहिले, आणि त्यांच्यापुढून तुरुतुरु चालत येऊन खुर्चीत बसलेल्या दोन बायकाही. चालता येत असेल तर चालावं. चुकायची भीती असेल तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत आपलं नाव, विमानाचा क्रमांक, जायचं गाव आणि मुलांचा फोन लिहून घ्यावा आणि गणवेशातल्या कोणालाही दाखवावा. फोनवर विसंबू नये. वायफाय सुरू करायला काही ठिकाणी ओटीपी मागतात आणि ओटीपी यायचा तो आपल्याकडच्या नंबरावर, जो तिथे बंद पडलेला असतो. कागदाला रेंज लागत नाही.

तर जाताना, दोह्याला, पहाटे गजर झाला. साखरतरच्या बाई आधीच गेल्या होत्या. खुर्चीच्या हातावर माझ्यासाठी कागदी रुमालात आणखी खजूर ठेवलेले. बाहेर आले तर मध्यरात्रीची गर्दी ओसरून नवी गर्दी आली होती. काचेपलीकडे वाळवंटाचं आभाळ तांबूस होत होतं आणि विमानांच्या शेपट्या एकामागे एक उजळत होत्या. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेतलेली, एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पोरं जमिनीवर ओळीनं झोपली होती. कुठल्यातरी कंपनीत पहिल्यांदाच कामाला निघालेली असावीत. त्यांच्यातला एक जागा होता. बाकीच्यांचे कागद त्याच्या मांडीवर होते. मी जाताना त्यानं नजर उचलून फलकाकडे पाहिलं आणि पुन्हा कागद मोजायला लागला. अण्णांनी त्याला लगेच नोकरीवर घेतलं असतं.

मुलांनो, तुम्ही आईबापांचं तिकीट काढता, ते रात्री जागून, दहा ठिकाणी दर बघून, काळजीनं काढता. पैसे वाचवा, काही म्हणणं नाही. पण दोन निरनिराळी तिकिटं जोडून वाचवू नका. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे सामान सहसा शेवटपर्यंत आपोआप जातं आणि पुढचं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वाटेतल्या देशाला नुसतं थांबायला व्हिसा लागतो का ते त्या देशाच्या सरकारी पानावर पाहा, नियम बदलत असतात. आणि आईला फार बसावं लागू नये म्हणून दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका. ते दीड तास ती धापा टाकत पळते आणि पुढचे पंधरा तास तिच्या छातीत धडधडत राहतं. चार तास ठेवा, सहा झाले तरी चालतील. बसायची आम्हाला सवय आहे.